हॉटस्पॉटला लॅपटॉप जोडला की डेटा जातो कुठे?

प्रश्न : मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. आमची वाडी डोंगरात आहे, ब्रॉडबँडची वायर अजून इथवर आलेली नाही. शाळेची ऑनलाइन माहिती भरायला आणि ऑनलाइन प्रशिक्षणाला मी मोबाइलचा हॉटस्पॉट लावून लॅपटॉप वापरते. रोजचा दीड जीबी डेटा एरवी मोबाइलवर रात्रीपर्यंत पुरतो. लॅपटॉप जोडला की तासाभरात ‘डेटा संपला’ असा मेसेज येतो. त्या वेळी माझी एक एक्सेल फाइल आणि एक वेबसाइट एवढंच उघडलेलं असतं. कुणी माझा डेटा चोरतंय का? शिवाय प्रशिक्षण चालू असताना सासूबाईंचा फोन आला की नेट जातं आणि मी मीटिंगच्या बाहेर पडते. रेंजही धड मिळते ती फक्त माळ्यावरच्या खिडकीत.
— एक शिक्षिका, ता. पाटण

उत्तर : ताई, आधी चोरीची शंका मिटवू. हॉटस्पॉट चालू असताना मोबाइलच्या सेटिंगमध्ये हॉटस्पॉटचं पान उघडा. आत्ता कोण कोण जोडलेलं आहे ते बहुतेक फोनमध्ये तिथेच दिसतं. तुमचा एकटा लॅपटॉप दिसत असेल, तर बाहेरचं कुणी नाही. डेटा तुमचा लॅपटॉपच खातो आहे, आणि तुम्हाला न विचारता खातो आहे.

आपण सिमच्या डेटावर चाललो आहोत हे मोबाइलला ठाऊक असतं. म्हणून ॲपचे अपडेट, फोटोंचा बॅकअप असली मोठी कामं तो सहसा वाय-फाय मिळेपर्यंत अडवून ठेवतो. लॅपटॉपला मात्र तुमचा हॉटस्पॉट म्हणजे घरचा वाय-फायच वाटतो. टँकरच्या पाण्यावर चाललेल्या घरात नवख्या पाहुण्याने नळाचं पाणी समजून बादल्यांवर बादल्या उपसाव्यात, तसं त्याचं होतं. विंडोजचे अपडेट, वनड्राइव्हची फाइल-चढवाचढव, अँटिव्हायरसची नवी यादी, सगळं मागच्या मागे सुरू होतं. विंडोजचा एखादा मोठा अपडेट काही जीबींचा असतो. त्यापुढे तुमच्या दीड जीबीचा काय पाड लागणार!

पाहुण्याला एकदा सांगून ठेवायचं, की पाणी टँकरचं आहे. लॅपटॉप हॉटस्पॉटला जोडलेला असतानाच सेटिंग्ज उघडा, ‘नेटवर्क अँड इंटरनेट’मध्ये जा, वाय-फायवर क्लिक करा आणि जोडलेल्या नेटवर्कच्या ‘प्रॉपर्टीज’ उघडा. खाली ‘मीटर्ड कनेक्शन’ असं बटण दिसेल. ते चालू करा. बस्स. आता विंडोज बहुतेक अपडेट थांबवून ठेवेल आणि वनड्राइव्हही आपली ये-जा थांबवेल. ही खूण त्या हॉटस्पॉटच्या नावापुरतीच लक्षात राहते. उद्या मोबाइल बदलला किंवा हॉटस्पॉटचं नाव बदललं, तर बटण पुन्हा दाबावं लागेल. वर्गात मी हे आवर्जून सांगते, कारण नवा मोबाइल घेतला की नेमकं इथेच पुन्हा अडतं.

त्याच ‘नेटवर्क अँड इंटरनेट’मध्ये ‘डेटा युसेज’ नावाचं पान आहे. विंडोज ११ मध्ये ते ‘ॲडव्हान्स्ड नेटवर्क सेटिंग्ज’च्या आत सापडतं. कोणत्या प्रोग्रामने किती डेटा वापरला याची गेल्या तीस दिवसांची यादी तिथे असते. ती एकदा वाचाच. तुम्ही कधी उघडलेलाही नाही असा एखादा प्रोग्राम वरच्या रांगेत निघाला, तर तो आपोआप सुरू होऊ देऊ नका. गूगल ड्राइव्हचा प्रोग्राम लॅपटॉपवर टाकलेला असेल, तर हॉटस्पॉट लावण्याआधी त्याला हाताने ‘पॉज’ करा. मीटर्डच्या बटणावर सगळेच प्रोग्राम ऐकतात असं नाही.

अपडेट मात्र कायमचे बंद ठेवू नका, ही माझी कळकळीची विनंती आहे. शाळेच्या लॅपटॉपवर मुलांची माहिती असते, आधार क्रमांक असतात. सुरक्षेचे अपडेट त्या माहितीला राखतात. महिन्यातून एकदा कराडला किंवा जिथे ब्रॉडबँड आहे अशा नातेवाइकांकडे जाणं होत असेल, तर लॅपटॉप बरोबर न्या आणि तिथे अपडेट पुरे होऊ द्या.

आता प्रशिक्षणाचं. एक एमबीपीएस वेगाने तासभर सलग डेटा आला, तर साधारण ४५० एमबी खर्च होतात. व्हिडिओ मीटिंगमध्ये समोरच्यांची चित्रं येतात आणि तुमचं चित्र जातं. खर्च दोन्हीकडून मोजला जातो. म्हणजे दोन तासांच्या प्रशिक्षणात दीड जीबी आरामात उडू शकतो. बोलायची पाळी येईपर्यंत स्वतःचा कॅमेरा बंद ठेवा, आणि मीटिंगच्या सेटिंगमध्ये येणाऱ्या व्हिडिओचा दर्जा कमी करता येतो तो करा. यूट्यूबवरचा धडा दाखवताना गियरच्या चिन्हावर जाऊन ४८०पी निवडा. फळ्यावरची अक्षरं तेवढ्यात वाचता येतात. रोजचा डेटा संपला की बहुतेक पॅकमध्ये वेग ६४ केबीपीएसवर येतो. त्या वेगाने एक एमबीची फाइल चढवायला दोन मिनिटांहून जास्त लागतात, आणि तेवढ्यात वेबसाइटचं सेशन संपून भरलेला फॉर्म कोरा होण्याची भीती असते. म्हणून माहिती भरायचं काम सकाळी, डेटा ताजा असताना उरका, व्हिडिओ नंतर.

सासूबाईंचा फोन आला की नेट जातं, याचा अर्थ बहुधा असा, की तुमच्या फोनमध्ये दोन सिम आहेत. डेटा एका सिमवर आणि त्यांचा फोन दुसऱ्यावर. बहुतेक फोनना एका सिमवर बोलणं चालू असताना दुसऱ्या सिमचा डेटा चालवता येत नाही, म्हणून हॉटस्पॉट दिसत राहतो पण त्यातून काही येत नाही. घरच्यांना डेटाच्या सिमचा नंबर द्या, किंवा मीटिंगपुरता दुसऱ्या सिमचा कॉल फॉरवर्ड डेटाच्या सिमवर लावा. त्या सिमसाठी ‘व्हीओएलटीई’ किंवा ‘फोर-जी कॉलिंग’ चालू आहे ना, हेही पाहा. ते बंद असेल तर कॉल येताच फोन जुन्या नेटवर्कवर उतरतो आणि नेट पुन्हा तुटतं. फॉरवर्डचा पर्याय जमत नसेल, तर प्रशिक्षणाचा तास दुसरं सिम सेटिंगमधून बंद ठेवा, पण तसं घरी आधी सांगून ठेवा. वयस्कर माणसाला फोन लागला नाही की जीव टांगणीला लागतो.

रेंज माळ्यावरच्या खिडकीत आहे, तर मोबाइलला तिथेच ठेवा. तुम्ही लॅपटॉप घेऊन खाली बसा. बाहेरचा टॉवर मोबाइलने पकडायचा असतो, लॅपटॉपला फक्त मोबाइल सापडला पाहिजे. दोघांच्या मध्ये दगडी भिंत किंवा पत्र्याचं कपाट येऊ देऊ नका. मोबाइलला चार्जर लावलेला असू द्या, पण उन्हात ठेवू नका. तापला की तो स्वतःहून वेग कमी करतो, कधी हॉटस्पॉटही बंद करतो.

लॅपटॉप माळ्यावर नेता येत असेल, तर माझ्या मते सगळ्यात भरवशाचा मार्ग वायरचा. मोबाइल यूएसबी केबलने लॅपटॉपला लावा आणि हॉटस्पॉटच्याच पानावरचं ‘यूएसबी टेदरिंग’ चालू करा. वाय-फायची कटकट नाही, शेजारपाजारचा अडथळा नाही, आणि मोबाइल चार्जही होत राहतो. बटण दाबताच येत नसेल तर केबल बदलून पाहा; काही स्वस्त केबलींमध्ये चार्जिंगच्याच तारा असतात, डेटाच्या नसतात. असा जोडलेला मोबाइल विंडोजला ‘इथरनेट’ म्हणून दिसतो, तेव्हा मीटर्डचं बटण तिथेही एकदा दाबा.

प्रश्न : मुलाने नवा फोन दिला. त्याचा हॉटस्पॉट माझ्या जुन्या लॅपटॉपला दिसतच नाही. शेजाऱ्यांच्या मोबाइलला मात्र लगेच दिसतो.
— एक निवृत्त वाचक, रत्नागिरी

उत्तर : काका, लॅपटॉप बिघडलेला नाही. वाय-फाय मुख्यत्वे दोन पट्ट्यांवर चालतो, २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ. बऱ्याच जुन्या लॅपटॉपना फक्त २.४ ऐकू येतो. नवा फोन हॉटस्पॉट ५ वर लावत असेल, तर तुमच्या लॅपटॉपच्या लेखी तो अस्तित्वातच नाही. हॉटस्पॉटच्या सेटिंगमध्ये ‘बँड’ शोधून २.४ निवडा. काही फोनमध्ये तेच ‘एक्स्टेंड कम्पॅटिबिलिटी’ या नावाने असतं, आयफोनमध्ये ‘मॅक्सिमाइझ कम्पॅटिबिलिटी’. वेग थोडा उतरेल, पण २.४ भिंतीपलीकडे जास्त चांगला पोचतो, तेव्हा घरात त्याचा फायदाच आहे. आयफोन असेल तर लॅपटॉप जोडला जाईपर्यंत ‘पर्सनल हॉटस्पॉट’चं पान उघडंच ठेवा. नाव आणि पासवर्ड इंग्रजी अक्षरांत आणि अंकांतच द्या. देवनागरीत दिलेल्या पासवर्डने जुनी यंत्रं अडतात.

प्रश्न : आम्ही चौघी पुण्यात एका खोलीत राहतो. माझा हॉटस्पॉट सगळ्या वापरतात, आता खालच्या मजल्यावरच्या मुलीही मागतात. द्यावा का?
— एक विद्यार्थिनी

उत्तर : मैत्रिणींना जरूर दे. परीक्षेच्या दिवसांत एकमेकींना नेट देणं ही मोठी मदत आहे. पण खालच्या मजल्यावर पासवर्ड गेला की तो पुढे कुठे जाईल ते तुझ्या हातात राहत नाही. तुझ्या हॉटस्पॉटवरून कुणी काहीही केलं, तरी बाहेर ते तुझ्या सिमवरून झालं असंच दिसतं. पासवर्ड किमान आठ अक्षरांचा लागतोच, तू बारा-चौदा अक्षरांचा ठेव. स्वतःचा मोबाइल नंबर किंवा जन्मतारीख नको. हॉटस्पॉटच्या नावातही तुझं नाव किंवा खोली क्रमांक नको, ते आसपासच्या सगळ्यांना दिसतं. बऱ्याच फोनमध्ये किती जणांना जोडायचं याची मर्यादा ठरवता येते, ती लाव. आपापल्या लॅपटॉपवर हे नेटवर्क ‘पब्लिक’ म्हणून निवडा, म्हणजे एकीच्या फाइली दुसरीला दिसायला नकोत. कुणाला आधीच पासवर्ड दिला असेल आणि आता नको वाटत असेल, तर भांडायची गरज नाही. पासवर्ड बदल आणि खोलीतल्या तिघींना नवा सांग.