सोफिया लॉरेन : सुरुवात कुठून करावी?

प्रश्न : ताई, नमस्कार. इंदिरानगरमधल्या आमच्या सोसायटीत आम्ही काही जणी महिन्यातून एकदा कुणाच्या तरी घरी जमून सिनेमा बघतो. मराठी-हिंदी बरेच झाले, आता परदेशी बघायचं ठरलंय. माझ्या सासूबाईंनी एकच नाव घेतलं : सोफिया लॉरेन. नेटवर शोधलं तर ही लांबलचक यादी! कुठून सुरुवात करू? सासूबाईंना खालची इंग्रजी अक्षरं भराभर वाचता येत नाहीत. शिवाय चारचौघींत बसून बघताना अवघडायला होईल असं काही नको. (एक वाचक, इंदिरानगर, नाशिक)

उत्तर : सासूबाईंना माझा नमस्कार सांगा. नाव फार नेमकं घेतलंय त्यांनी.

यादीत 'हाउसबोट', 'एल सिद' असे इंग्रजी चित्रपट आधी डोळ्यांत भरतील. ते सध्या राहू द्या. या इटालियन अभिनेत्रीला खरी बघायची तर तिच्या स्वतःच्या भाषेत, इटालियनमध्ये. तिचा जन्म १९३४ सालचा, रोममधला, पण ती वाढली नेपल्सजवळच्या पोत्सुओलीत, आजीच्या घरी. वडील असून नसल्यासारखे, त्यात युद्ध, बॉम्बहल्ले आणि उपासमार. त्यामुळे नेपल्सच्या गल्लीतली बाई उभी करायला तिला काही बाहेरून आणावं लागत नाही. आणि माझं ठाम मत सांगू? हातात काम असतं ना, तेव्हा ती सगळ्यात जास्त भावते. हॉलिवूडने तिला नटवून उभं केलं. व्हित्तोरिओ डे सिका या दिग्दर्शकाने तिला कामाला लावलं.

तरी तुमची सुरुवात डे सिकाच्या चित्रपटाने नको, एत्तोरे स्कोलाच्या 'अ स्पेशल डे'ने करा. १९७७ चा चित्रपट. गोष्ट एकाच दिवसाची, ६ मे १९३८ ची. हिटलर मुसोलिनीला भेटायला रोममध्ये आलाय आणि एका मोठ्या चाळवजा इमारतीतली झाडून सगळी माणसं संचलन बघायला गेलीत. मागे राहिलीय अंतोनिएत्ता, सहा मुलांची आई. घरात पसारा, खरकटी भांडी, अंगावर घरातला झगा, पायमोजाचा धागा सुटलेला. पिंजऱ्यातली मैना उडून समोरच्या बाजूच्या खिडकीशी जाऊन बसते आणि तिला धरायच्या निमित्ताने अंतोनिएत्ता समोरच्या घराचं दार वाजवते. तिथे एकटाच राहतो गाब्रिएले. रेडिओवरचा निवेदक, समलिंगी म्हणून नोकरीवरून काढलेला. दार वाजलं त्या वेळी तो जीव द्यायच्या विचारात असतो. हे काम मार्चेल्लो मास्त्रोयान्नीने केलंय.

दिवसभर इमारतीच्या चौकात रेडिओवर संचलनाचं धावतं वर्णन चालू असतं. ते जवळजवळ थांबतच नाही. या दोघांचं हळू आवाजातलं बोलणं त्या गर्जनांच्या खाली चालतं. गच्चीवरचा प्रसंग नीट बघा. ती वाळलेले कपडे काढतेय, तो मस्करीत तिच्याभोवती चादर गुंडाळतो, तिला वाटतं हाही चारचौघांसारखाच निघाला. तिथून संताप, मग ओढ, मग त्याने ओरडून सांगितलेलं सत्य. काही मिनिटांत सोफियाचा चेहरा किती घरं बदलतो! आणि ही बाई मुसोलिनीची भक्त आहे बरं का, त्याचं बटणांनी केलेलं चित्र तिने भिंतीवर लावलंय. तिच्या एका मुलीच्या भूमिकेत आहे आलेस्सांद्रा मुसोलिनी, सोफियाच्या बहिणीची मुलगी आणि त्याच मुसोलिनीची सख्खी नात. हे आधी माहीत असलं की घरातले प्रसंग वेगळेच दिसायला लागतात. शेवटाकडे एक जवळिकीचा प्रसंग आहे, पण तो इतका संयमाने घेतलाय की कुणाला मान खाली घालावी लागणार नाही.

दुसरा 'मॅरेज इटालियन स्टाइल', १९६४. हा सासूबाईंना नक्की आवडेल. एदुआर्दो दे फिलिप्पो यांच्या गाजलेल्या नाटकावरून डे सिकाने केलेला. फिलुमेना ही एके काळची वेश्या, वर्षानुवर्षं दोमेनिकोचं घर आणि धंदा सांभाळतेय. तो दुसरीशी लग्न करायला निघाल्यावर ती मरायला टेकल्याचं सोंग करते आणि मरणशय्येवर त्याच्याशी लग्न लावून घेते. लग्न लागताच उठून बसते! पुढे कळतं की तिला तीन मुलगे आहेत आणि त्यातला एक दोमेनिकोचा. कोणता, ते ती काही केल्या सांगत नाही, कारण सांगितलं तर तो एक लाडका होईल आणि दोघं परके. आमच्या पंडित कॉलनीतल्या घरी हा लावला होता, तेव्हा शेजारच्या आजी पडद्याकडे बघून मोठ्याने म्हणाल्या, "सांगू नकोस गं बाई, अजिबात सांगू नकोस!"

सासूबाईंच्या वाचनाची अडचण आम्ही अशी सोडवली : आधी पाच मिनिटं गोष्ट सांगायची (शेवट सोडून), मग इंग्रजी वाचणारी एक जण आजींच्या शेजारी बसून मोजकं मराठीत सांगणार. प्रत्येक वाक्य नाही, अर्थापुरतं. लांब संवाद आला की सरळ थांबवायचं. मात्र इंग्रजीत डब केलेली प्रत लावू नका. तिचं ते नेपल्सचं तोंड, तो हेल, सगळं त्यात जातं.

'यस्टरडे, टुडे अँड टुमारो' (१९६३) मध्ये तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत. पहिली तेवढी लावा. अदेलिना नेपल्समध्ये चोरट्या सिगारेटी विकते. गरोदर बाईला आणि बाळंतिणीला सहा महिने तुरुंगात टाकता येत नाही, म्हणून ती एकामागून एक मुलं जन्माला घालत राहते आणि नवरा बिचारा थकून जातो. सगळी गल्ली तिच्या बाजूने उभी राहते. मधली गोष्ट ठीकठाक. तिसरीत तिचं ते प्रसिद्ध कपडे उतरवण्याचं दृश्य आहे, ते तुमच्या बैठकीला जमणार नाही.

'द गोल्ड ऑफ नेपल्स' (१९५४) मधला तिचा भाग छोटा आहे. तळलेला पिझ्झा उधारीवर विकणारी बाई, आज खा, आठ दिवसांनी पैसे द्या. पाचूची अंगठी ती विसरलीय प्रियकराकडे, पण नवऱ्याला सांगते, पिठात पडली असेल. मग तो भाबडा नवरा अंगठीसाठी एकेका गिऱ्हाइकाचं दार वाजवत गावभर हिंडतो! काउंटरमागे उभं राहून पिठाचा गोळा थापणारी सोफिया बघा. भाकरी थापणाऱ्या बाईचा हात जसा न बघता फिरतो, तसा तिचा फिरतो.

'टू विमेन' (१९६०) हा तिचा सर्वश्रेष्ठ चित्रपट, पण तो बैठकीत लावू नका. युद्धातून वाचायला रोम सोडून गावी गेलेली विधवा दुकानदारीण चेझिरा आणि तिची किशोरवयीन मुलगी. परतीच्या वाटेवर पडक्या चर्चमध्ये सैनिक दोघींवर बलात्कार करतात. त्यानंतर रस्त्यात हातात दगड घेऊन गुडघ्यांवर कोसळलेली सोफिया मला आजही बघवत नाही, आणि तरी तो प्रसंग मी पुन्हा बघते. आधी तुम्ही एकटीने बघा, मग कुणाला दाखवायचा ते ठरवा. भूमिका केली तेव्हा ती २५ वर्षांची होती. सुरुवातीला तिला मुलीचं काम द्यायचं आणि आईचं आन्ना मान्यानीला, असा बेत होता.

सासूबाईंच्या वयाची सोफिया दाखवायची असेल तर 'द लाइफ अहेड' (२०२०) लावा. दिग्दर्शक तिचाच मुलगा, एदोआर्दो पाँती. छळछावणीतून वाचलेली म्हातारी मादाम रोझा आणि तिच्याकडे ठेवलेला सेनेगलचा पोरका मोमो. चित्रपट आला तेव्हा ती ८६ वर्षांची होती.

प्रश्न : सोफिया लॉरेनला ऑस्कर मिळालं, पण ती घ्यायला गेलीच नाही, हे खरं का? (महाविद्यालयीन विद्यार्थी, कॉलेज रोड, नाशिक)

उत्तर : खरं आहे. 'टू विमेन'साठी १९६२ च्या समारंभात तिला सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचं ऑस्कर मिळालं. इंग्रजी सोडून दुसऱ्या भाषेतल्या अभिनयाला ऑस्कर मिळण्याची ती पहिलीच वेळ. जिंकलो तरी आणि हरलो तरी आपल्याला भोवळ येईल, या धास्तीने ती रोमला घरीच थांबली. बातमी कळली ती हॉलिवूडचा नट केरी ग्रँट याच्या फोनवरून. १९९१ मध्ये तिला मानद ऑस्करही मिळालं. मधे 'मॅरेज इटालियन स्टाइल'साठी पुन्हा नामांकन होतं, पण त्या वर्षी पुरस्कार 'मेरी पॉपिन्स'च्या ज्युली अँड्र्यूजला गेला. माझ्या मते तो फिलुमेनाचाच होता.