शिबिर छठच्या आधी घ्या, नंतर नको

तुमचा प्रश्न मला समजला तो असा: नाशिकच्या सातपूर-अंबडकडच्या वस्त्यांत बिहार, उत्तर प्रदेश आणि खानदेशातून आलेल्या कामगारांसाठी तुमच्या मंडळाला आरोग्य शिबिर घ्यायचं आहे. सणावाराला लोक बीपी-शुगरच्या गोळ्या बंद करतात, उपास कडक धरतात, आणि धर्माचा विषय म्हणून कोणी बोलत नाही. मग करायचं काय?

धर्म आड येतो, इथेच मला तुमचं निदान पटत नाही. गाव सोडताना व्रताचा नियम माणसाबरोबर येतो. त्या नियमातून सूट देणारं घरातलं मोठं माणूस मात्र मागेच राहतं. बाकीची बरीचशी गुंतागुंत यातूनच होते.

बिहार-उत्तर प्रदेशाकडचं सूर्याचं व्रत, छठ, तेच घ्या. कार्तिक शुद्ध चतुर्थी ते सप्तमी, म्हणजे दिवाळी झाली की लगेच. पहिला दिवस नहाय-खाय: अरवा (न उकडलेल्या) तांदळाचा भात, हरभऱ्याची डाळ, दुधीची भाजी. दुसरा दिवस खरना: दिवसभर पाणीसुद्धा नाही, सूर्य मावळल्यावर गुळाची खीर आणि पोळी. तिथून निर्जळी सुरू होते. तिसऱ्या संध्याकाळी मावळत्या सूर्याला अर्घ्य, चौथ्या पहाटे उगवत्याला, मग पारणं. सगळे याला छत्तीस तासांचा उपास म्हणतात. पण पहिल्या रात्रीपासून मोजा. पारण्यापर्यंत साधारण साठ तासांत पोटात एकच जेवण जातं, आणि तेही गुळाचं. शुगरवाल्या बाईची साखर आधी वर उडते, मग घसरत जाते, आणि चौथ्या पहाटे ती कार्तिकातल्या गार पाण्यात कमरेएवढी उभी असते.

ही सगळी सोय-गैरसोय गावाकडे कोणालाच नवी नाही. परवैतिन, म्हणजे व्रत धरणारी बाई, थकली की व्रत सुनेकडे देते. घरात व्रत धरणारं कोणी नसेल तर शेजारच्या व्रतीच्या हाती आपलं अर्घ्याचं सूप सोपवतात. ती तुमच्या वतीने अर्घ्य देते. म्हणजे पळवाट नव्हे, परंपरेनेच ठेवलेली वाट आहे ही. पण ‘या वर्षी तू धरू नकोस, सूप माझ्याकडे दे’ असं म्हणण्याचा अधिकार सासूला किंवा मोठ्या जावेला असतो. अंबड लिंक रोडच्या दहा बाय दहाच्या खोलीत घरातली बाई एकटीच असते, नवरा दुसऱ्या पाळीला असतो. सूट मागायची कोणाकडे? डॉक्टरने ‘उपास करू नका’ म्हटलं तर ती मान डोलावते आणि व्रत धरते, कारण डॉक्टरचा तो अधिकारच नाही.

म्हणून पहिलं काम फोनचं. शिबिरात शुगर जास्त निघाली, बाई गरोदर असली किंवा मूत्रपिंडाचा त्रास असला, तर तिथूनच गावी सासूबाईंना किंवा आईला व्हिडिओ कॉल लावायला सांगा. बोलायचं एवढंच: ‘अम्माजी, तब्येत ठीक नहीं है, इस साल सूप किसी और को दे दें?’ तिकडून होकार आला की उरलेलं काम एका मिनिटाचं असतं. नकार आला, तरी निदान घरच्यांना आजार कळतो. आणि हे सगळं छठच्या चार-सहा आठवडे आधी, म्हणजे नवरात्र-दसऱ्याच्या सुमाराला व्हायला हवं. छठनंतर घेतलेल्या शिबिरात जे व्हायचं ते होऊन गेलेलं असतं.

जी बाई तरीही व्रत धरणार आहे, तिच्या गोळ्यांचा विचार नावानिशी करावा लागतो. ‘शुगरची गोळी’ एवढं पुरत नाही, पाकीट हातात घेऊन वाचा. ग्लिमेपिराइड किंवा ग्लिक्लाझाइड असेल तर उपाशीपोटी साखर धोकादायक खाली जाऊ शकते. नुसत्या मेटफॉर्मिनने सहसा जात नाही. डॅपाग्लिफ्लोझिनसारखी लघवीवाटे साखर काढणारी गोळी असेल तर निर्जळीत शरीर आणखी कोरडं पडतं, शिवाय रक्तात आम्ल साठण्याचा धोका असतो. ती किती दिवस आधी थांबवायची हे डॉक्टरांकडून लिहून घ्या. बीपीच्या गोळीत कधी कधी लघवी वाढवणारी गोळी मिसळलेली असते, तिच्याबद्दलही विचारा. इन्सुलिनवरच्या माणसाने स्वतःच्या मनाने इन्सुलिन पूर्ण बंद करायचं नाही; टाइप-1 वाल्याच्या जिवावर बेततं.

घाटावर काय लागतं? गोदाघाटावर छठची गर्दी असते तेव्हा तुमच्या मंडळाचे चार जण एक ग्लुकोमीटर, साखर, पाण्याच्या बाटल्या आणि ओआरएसची पाकिटं घेऊन उभे राहिले तर तो दिवस सत्कारणी लागला म्हणा. घाम, हाताला कापरं, गोंधळल्यासारखं बोलणं दिसलं की बोट टोचा. 70 च्या खाली आकडा आला तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून द्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा. शुद्ध हरपलेली असेल तर तोंडात काही घालू नका, 108 ला फोन करा. आणखी एक गोष्ट हमखास सुटते, ती म्हणजे पाय. वस्तीपासून घाटापर्यंत अनवाणी किंवा दंडवत घालत जातात. शुगरने पाय बधिर झालेल्या माणसाला काच रुतलेली कळत नाही. पारण्यानंतर तळवे पाहा, बोटांच्या मधल्या जागासुद्धा.

खानदेशी लोकांचं दुखणं वेगळं. सिडकोत, सातपूरला भाऊबंदांची घरंच्या घरं येऊन वसली, त्यामुळे त्यांची देवी कानबाई त्यांच्यासोबत माणसांसकट आली. नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते, सोमवारी विसर्जन, रोटाचा प्रसाद भाऊबंदांतच. इथे सूट देणारी मोठी जाऊ दोन गल्ल्यांपलीकडे असते. म्हणून उपासाने कोणी कोसळत नाही. प्रश्न उलट आहे: पुरणपोळी, खीर, तळण, रात्रभर नाच, आणि त्या गडबडीत बीपीची गोळी राहून जाते. पण एकाच घरात पन्नास भाऊबंद गोळा होतात, हे तुमच्या फायद्याचं आहे. रविवारी शिबिर लावलंत तर कोणी येणार नाही. आदल्या आठवड्यात, रोटाच्या दळणासाठी बायका जमतात तेव्हा, बीपीचं यंत्र घेऊन जा. थोडं अहिराणी येत असेल तर बोला. नसेल तर उगाच ‘कसं शे’ करू नका, नक्कल लगेच कळते.

चैत्रात हेच खानदेशी सप्तशृंगी गडावर पायी येतात. रामनवमी ते चैत्र पौर्णिमेचा उत्सव म्हणजे भर उन्हाळा. दुपारी बारा ते चार चालू नये, हे मंडळाच्या पत्रकावर मोठ्या अक्षरात छापा. वाटेवर रसना-सरबताऐवजी एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ वाटा. मीठ ‘अंदाजे’ टाकू नका. जास्त झालं तर लहान मुलांना अपाय होतो.

व्रताची एक बाजू फार कमी लोक बोलतात. रोज दारू पिणारा माणूस श्रावण लागला, देवीची माळ घातली किंवा रमजान आला की एका दिवसात दारू सोडतो. घरचे खूश होतात. पण रोज भरपूर पिणाऱ्याने अशी एकदम सोडली की पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, आणि दोन ते चार दिवसांत थरथर, घाम, नसलेली माणसं दिसणं, असंबद्ध बडबड सुरू होते. वस्तीत याला ‘अंगात आलं’ किंवा ‘काहीतरी लागलंय’ म्हणतात. नाशिकला हा माणूस एकटा खोलीवर राहतो, रूमपार्टनर ड्युटीला जातात, आणि ही अवस्था जीवघेणी असते. भगताकडे न्यायचं असेल तर त्यांना अडवून वाद घालू नका. आधी हॉस्पिटल, मग भगत, एवढा क्रम मान्य करून घ्या. दारू सोडायचीच असेल तर माळ घालायच्या आठवडाभर आधी डॉक्टरकडे नेऊन औषधाच्या आधाराने सोडवा. तेव्हा व्रत हीच सर्वांत मोठी ताकद ठरते, हेही खरं. खैनी आणि बिडीसाठी रमजानचा महिना असाच उपयोगी पडतो. दिवसभर सुटलेलीच असते, प्रश्न फक्त इफ्तारनंतरचा.

रमजानमध्ये आजारी आणि प्रवासी यांना रोजा मागाहून करण्याची मुभा कुराणातच आहे, म्हणून तिथे सूट देणारा शोधणं तुलनेने सोपं जातं. मशिदीच्या इमामांना शिबिराआधी भेटा. शुगर 70 च्या खाली किंवा 300 च्या वर गेली तर रोजा सोडायचा, आणि बोट टोचून तपासल्याने रोजा तुटत नाही, या दोन गोष्टी त्यांच्या तोंडून गेल्या तर काम होतं. मालेगावचं उदाहरण डोळ्यासमोर ठेवा. 1857 नंतरच्या काळात उत्तर प्रदेशातून आलेल्या मोमीन विणकरांनी ते गाव घडवलं, आजही यंत्रमागांची सुट्टी शुक्रवारी असते. 2022 च्या अखेरीस तिथे गोवराची साथ आली तेव्हा लसीकरणासाठी धर्मगुरूंची मदत घ्यावी लागली. ती ओळख साथीच्या आधीपासून असेल तर काम फार हलकं होतं.

आता गावी जाण्याचा प्रश्न, आणि माझ्या मते खरा तोटा इथेच होतो. दसरा ते छठ आणि पुन्हा होळीला नाशिकरोड स्टेशनवरून जनरल डब्यातून माणसं जातात. प्रवास जवळपास एका दिवसाचा, कधी त्याहून जास्त. डब्यात संडासापर्यंत पोचता येत नाही म्हणून पाणी पीत नाहीत आणि लघवी वाढवणारी गोळी मुद्दाम टाळतात. टीबीचा रुग्ण असेल तर सहा महिन्यांच्या कोर्समधला एक महिना असाच गळतो. त्याला ‘जाऊ नकोस’ सांगू नका, तो जाणारच. निघण्याच्या दहा दिवस आधी टीबी केंद्रात नेऊन निक्षय क्रमांक (टीबी रुग्णाचा सरकारी नोंदणी क्रमांक) कागदावर मोठा लिहून द्या, गावच्या केंद्राकडे नोंद वळवून घ्या आणि वाटेपुरत्या गोळ्या हातात द्या. टीबी रुग्णाच्या आहारासाठीच्या निक्षय पोषण योजनेचे दरमहा 1000 रुपये बँक खात्यात येतात. खातं बंद पडलेलं असेल तर तेव्हाच कळतं. इन्सुलिन न्यायचं असेल तर ते खिडकीजवळच्या पिशवीत ठेवू नका, ओल्या फडक्यात गुंडाळून छोट्या डबीत ठेवा. बर्फाला थेट टेकवू नका, गोठलं की निकामी होतं.

दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत पेठ-सुरगाण्याहून येणारे मजूर तुमच्या यादीत नाहीत, पण तेही स्थलांतरितच. मार्गशीर्ष पौर्णिमेच्या डोंगऱ्या देवाला (आदिवासींचा सण) आणि होळीला ते घरी जातात. त्यांच्या मुलांचे लसीचे डोस या दोन तारखा पाहून ठरवा, आणि सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची तपासणी जरूर करा. गार पहाट, अंगमेहनत आणि कमी पाणी यांनी त्या रुग्णांची दुखणी उसळतात.

शिबिराची आखणी सांगतो. तारीख पंचांग आणि पाळी दोन्ही पाहून ठरवा. सकाळची पाळी सुटल्यावर संध्याकाळी पाच ते आठ ही वेळ पुरुषांना बरी पडते, बायकांसाठी दुपारची वेगळी ठेवा. कारखान्याची साप्ताहिक सुट्टी आधी विचारा, रविवारच असेल असं नाही. बॅनरवर ‘परप्रांतीय’ शब्द नको, हे सांगायची गरज पडू नये पण पडते. नोंदणीच्या टेबलावर तीनच प्रश्न: गावी कधी जाणार? कोणता उपास धरता? घरात आजाराचा निर्णय कोण घेतं? या तीन उत्तरांशिवाय बीपीचा आकडा फार उपयोगाचा नाही. पगार 21,000 पर्यंत असेल तर ईएसआयचा (कामगार आरोग्य विम्याचा) क्रमांक विचारा. ठेकेदाराने पैसे कापले पण कार्ड दिलं नाही, असं खूपदा निघतं. आयुष्मान कार्ड गावी निघालेलं असलं तरी योजनेतल्या इथल्या रुग्णालयात चालतं, हे बहुतेकांना माहीत नसतं.

शिबिरातले आकडे पाहून ‘हे लोक तर ठणठणीत आहेत’ असा समज करून घेऊ नका. स्थलांतर धडधाकट माणूस करतो आणि आजारी पडला की गावी परततो. त्यामुळे वस्तीत नेहमी निरोगीच दिसतात. गेल्या वर्षी शेजारच्या खोलीतून कोण गावी गेलं आणि परत आलं नाही, हे विचारा. बहुतेक वेळा ते उत्तर घरमालकिणीकडे मिळतं.