परक्यांच्या मताचा अभ्यास करून पोट भरतं का?

सप्रेम नमस्कार, गुरुजी.

तुम्ही निवृत्त शिक्षक आहात, म्हणून गुरुजीच म्हणतो. लातूरहून पाठवलेलं तुमचं पत्र दोनदा वाचलं. मुलगी सांख्यिकी घेऊन बी.एस्सी. झाली, ब्रिटनच्या एका विद्यापीठात विकास-अभ्यासाच्या एम.ए.ला प्रवेश मिळाला, आणि 'गरीब देशांना दिल्या जाणाऱ्या मदतीबद्दल ब्रिटिश जनतेला काय वाटतं' याचा सर्व्हे तिला प्रबंधासाठी करायचा आहे. त्यासाठी तीस लाखांचं कर्ज काढायचं, शेत तारण ठेवायचं, असं घरात चाललंय. तुम्ही विचारता, "लोकांना प्रश्न विचारत फिरणं हे काय करिअर झालं? आणि इंग्रजांना काय वाटतं याच्याशी आपलं काय देणंघेणं?" पत्राच्या तळाशी तुम्ही आणखी एक ओळ लिहिली आहे, "बहात्तरच्या दुष्काळात आम्ही पोरांनी अमेरिकेची मिलो ज्वारी खाल्ली, तेव्हा आम्हाला कसं वाटतं हे कुणी विचारलं नव्हतं."

त्या ओळीकडे मी नंतर येतो. आधी देणंघेणं.

मुंबईचा अटल सेतू जानेवारी २०२४ मध्ये सुरू झाला. त्याच्या खर्चाचा मोठा वाटा जपानच्या स्वस्त कर्जातून आला, आणि जपान ते आपल्या विकास-मदतीत धरतो. जपान सरकार आपल्या नागरिकांना नियमितपणे विचारतं, ही मदत वाढवावी, आहे तेवढीच ठेवावी, कमी करावी की बंद करावी. दुसरं उदाहरण कडू आहे. २०२५ च्या जानेवारीत अमेरिकेने परदेशी मदत एकाएकी थांबवली आणि हैदराबाद, कल्याण आणि पुणे इथली ट्रान्सजेंडर व्यक्तींसाठीची 'मित्र' क्लिनिकं बंद पडली. केनेडींच्या काळात, १९६१ मध्ये उभी राहिलेली, ही मदत वाटणारी यूएसएड ही संस्थाच १ जुलै २०२५ ला मोडीत निघाली. निर्णय वॉशिंग्टनमध्ये झाला आणि दाराला कुलूप पुण्यात लागलं.

हे इतक्या सहज कसं झालं? मला वाटतं, त्याचं एक कारण तुमच्या मुलीच्या विषयातच आहे. अमेरिकेत अनेक वर्षं लोकांना विचारलं जातंय की सरकारच्या खर्चातला किती हिस्सा परदेशांना मदत म्हणून जातो. मेरीलँड विद्यापीठाच्या २००१ च्या पाहणीत लोकांचा अंदाज होता शंभरातले वीस डॉलर. 'किती असावा?' याचं उत्तर होतं दहा. प्रत्यक्षात जात होता साधारण एक. पुढे कैसर फॅमिली फाउंडेशन या संशोधनसंस्थेच्या पाहण्यांतही सरासरी अंदाज पंचवीस ते तीस टक्क्यांच्या आसपासच राहिला. ऑस्ट्रेलियात लोवी इन्स्टिट्यूट या अभ्याससंस्थेने २०१८ मध्ये विचारलं, तर अंदाज चौदा टक्के, असावा दहा टक्के, आणि खरा आकडा ०.८. म्हणजे 'फार देतो आपण, कमी करा' म्हणणारा माणूस मनातून आजच्या दहापट द्यायला तयार असतो! ज्याला असं वाटतं की घरातला चौथा हिस्सा परक्याला जातोय, तो मदत बंद झाल्यावर रस्त्यावर येणार नाही. हे सर्व्हेशिवाय कुणाला कळलं असतं?

ब्रिटनची गोष्ट जरा वेगळी आहे आणि अभ्यासाला फार चांगली. राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.७ टक्के मदत द्यायची हे लक्ष्य त्या देशाने २०१३ मध्ये गाठलं आणि २०१५ मध्ये त्याचा कायदाच केला. २०२० मध्ये मदतीचं स्वतंत्र खातं परराष्ट्र खात्यात विलीन झालं, २०२१ मध्ये ०.७ चं ०.५ झालं, आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये पंतप्रधान स्टार्मर यांनी जाहीर केलं की २०२७ पर्यंत ते ०.३ वर आणू, वाचलेला पैसा संरक्षणाला. या सगळ्या काळात तिथल्या लोकांचं मन मोजलं जात होतं. जेनिफर हडसन आणि डेव्हिड हडसन या प्राध्यापकांनी २०१३ पासून ब्रिटन, अमेरिका, फ्रान्स आणि जर्मनीत त्याच लोकांना पुन्हा पुन्हा विचारत राहण्याचं काम चालवलं. तुमच्या मुलीला हाच विषय सुचला असेल, तर तिची नजर चांगली आहे.

त्यात आपला संबंधही आहे. भारताला दिली जाणारी थेट आर्थिक मदत २०१५ पर्यंत थांबवू, असं ब्रिटनने २०१२ मध्ये जाहीर केलं. 'मंगळावर यान पाठवणाऱ्या देशाला आमचे पैसे कशाला?' हा सूर तेव्हा तिथे जोरात होता. मदत हवी की नको, या प्रश्नात 'एक गरीब देश' लिहायचं की 'भारत' लिहायचं, एवढ्यानं उत्तर बदलेल का? हा आख्ख्या प्रबंधाचा विषय होऊ शकतो, आणि तो लातूरची मुलगी जितक्या आतून विचारेल तितका लंडनची विचारणार नाही.

आता 'प्रश्न विचारत फिरणं' याकडे येतो. गुरुजी, तुम्ही जनगणनेची ड्युटी केली असणारच. तिथे घरन् घर गाठायचं असतं. इथे शितावरून भाताची परीक्षा करायची असते. पण भात सगळीकडे सारखा शिजलेला नसतो, म्हणून शीत कुठून उचलायचं यावर सगळं शास्त्र उभं आहे. नीट, यादृच्छिक पद्धतीनं निवडलेली हजार माणसं पूर्ण देशाचं मत तीन टक्के इकडेतिकडे सांगू शकतात. चुकीच्या पद्धतीनं निवडलेली लाखभर माणसं काहीच सांगत नाहीत. हे तिच्या सांख्यिकीत आलं आहे. जे पुस्तकात आलेलं नाही ते प्रश्नाच्या शब्दांत असतं.

मी तरुणपणी एका संस्थेसाठी किल्लारी परिसरात फिरलो होतो. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेच्या भूकंपानंतरचं ते वर्ष, तुम्हाला सांगायला नको. जागतिक बँकेच्या पैशावर पुनर्वसनाची मोठी योजना सुरू होत होती आणि आमच्या फॉर्मवर पहिला प्रश्न होता, 'मिळालेल्या मदतीबाबत आपण समाधानी आहात का?' पत्र्याच्या शेडमध्ये बसलेल्या एका आजींना मी तो वाचून दाखवला. त्या म्हणाल्या, "चांगलं हाय म्हणून लिव्हा, बाबा." मी 'होय'वर खूण केली. दिवसभरात चाळीस फॉर्म भरले, जवळजवळ सगळे 'होय'. संध्याकाळी परतताना त्याच आजींनी पाणी दिलं. मी फॉर्म पिशवीत ठेवून सहज विचारलं, घरी काय काय आलं आणि काय आलंच नाही? त्या तासभर बोलल्या. भांडी आली, पण चूल मांडायला आडोसा नाही. नव्या घराचा नकाशा दाखवला, पण त्यात जनावरं बांधायला जागा नाही. त्या 'होय'चा अर्थ एवढाच होता की दारात आलेल्या शहरी पोराला नाही कसं म्हणायचं. आमचे फॉर्म खोटे नव्हते, प्रश्न खोटा होता. ती खूण मला अजून बोचते, आणि म्हणूनच या कामाला कुणी 'नुसतं प्रश्न विचारणं' म्हटलं की मी थांबवतो.

मदतीच्या विषयात तर शब्द फारच जपून वापरावे लागतात. 'गरीब देशांतल्या लोकांना मदत करणं महत्त्वाचं आहे का?' असं विचारलं की युरोपात दहापैकी जवळपास नऊ जण होय म्हणतात. त्याच माणसांना 'आरोग्य, शाळा, संरक्षण, परदेशी मदत, कशावरचा खर्च कापावा?' विचारा, मदतीवर पहिली कुऱ्हाड पडते. दोन्ही उत्तरं प्रामाणिक आहेत. एकात मन विचारलं, दुसऱ्यात खिसा. ब्रिटन आणि अमेरिकेत केलेल्या आणि २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात मदतीचा आकडा काहींना टक्क्यांत सांगितला आणि काहींना पूर्ण रकमेत. टक्क्यांत ऐकणाऱ्यांचा विरोध कमी झाला, अब्जांची रक्कम ऐकणाऱ्यांना ती फार वाटली. आकडा तोच!

हे तिला घरबसल्या करून पाहता येईल, आणि प्रवेशाची फी भरण्याआधी तिने ते करावंच. भारतही आता देणारा देश आहे. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात भूतानसाठी २,१५० कोटी रुपये ठेवले होते. एकूण अर्थसंकल्प साडेपन्नास लाख कोटींच्या वर, म्हणजे सरकारच्या शंभर रुपयांतले सुमारे चार पैसे. तिने दोनशे फॉर्म छापावेत. शंभरांवर '२,१५० कोटी रुपये', शंभरांवर 'शंभर रुपयांतले चार पैसे', पुढचा प्रश्न एकच: हे जास्त आहे, कमी आहे की बरोबर? 'सांगता येत नाही' हाही पर्याय हवा, कारण मत नसणं हेही उत्तर आहे. फॉर्म पत्त्यांसारखे पिसून घ्यावेत, कुणाला कोणता द्यायचा हे तिने ठरवू नये. गंज गोलाईच्या बाजारात, एसटी स्टँडवर, कॉलेजात, तुमच्या शाळेच्या कट्ट्यावर जावं. यावरून लातूरचं मत कळणार नाही, रस्त्यात भेटलेली माणसं म्हणजे लातूर नव्हे. पण उन्हात उभं राहून नकार ऐकणं, 'तुम्ही कोणत्या पक्षाच्या?' याला उत्तर देणं, आणि आपल्याला हवं ते उत्तर समोरच्याच्या तोंडात न घालणं तिला आवडतं की नाही, हे मात्र आठवड्यात कळेल.

आता पैशाचं. इथे मी तुमच्या बाजूने आहे. शेत तारण ठेवून या वर्षी जाऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. ब्रिटन, अमेरिका दोघांनीही मदतीचा पैसा कापलाय, त्यामुळे या क्षेत्रातल्या संस्था माणसं कमी करताहेत. शिवाय पदवीनंतर तिथे थांबून काम शोधायला आजवर दोन वर्षं मिळत होती. १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्यांना अठराच महिने मिळणार आहेत. तीस लाखांचा हप्ता त्या मुदतीच्या भरवशावर ठेवू नका.

पण 'नको' म्हणून तिला घरी बसवूही नका. आधी कसब, मग विषय. मुंबईत देवनारच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेत, जिथून राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचं काम चालतं, सर्वेक्षण संशोधन आणि डेटा विश्लेषण शिकवणारा एम.एस्सी.चा अभ्यासक्रम आहे. फी विलायतेच्या तुलनेत अगदी थोडी. पुण्याची गोखले इन्स्टिट्यूट आहे. तिचे पहिले संचालक, अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळांनी पुणे शहरातल्या कुटुंबांची पाहणी १९३० च्या दशकातच केली होती, या कामाची परंपरा आपल्याकडे जुनी आहे. दिल्लीच्या सीएसडीएस या संशोधनसंस्थेचा लोकनीती हा उपक्रम निवडणुकांच्या पाहण्यांसाठी राज्याराज्यांतली कॉलेजची मुलं घेतो. तिथलं पंधरा दिवसांचं क्षेत्रकाम कोणत्याही प्रमाणपत्रापेक्षा जास्त शिकवतं. इंडियन स्टॅटिस्टिकल सर्व्हिसची परीक्षाही तिने नजरेआड करू नये, त्यासाठी सांख्यिकी विषय असलेली पदवीही चालते. बाजार-संशोधन कंपन्यांतही हेच काम आहे, विषय साबणाचा असला तरी नमुना निवडण्याचं शास्त्र तेच. सुरुवातीचा पगार बेताचा असतो, हे लपवत नाही. 'आर' ही फुकट मिळणारी संगणक-भाषा तिने आजपासून शिकायला घ्यावी.

आणि दोन वर्षं काम झालं की चेव्हनिंग शिष्यवृत्तीला अर्ज करावा. त्यांची अटच दोन वर्षांच्या अनुभवाची आहे. त्यात ब्रिटनमधल्या वर्षाची फी, राहणं, विमान, सगळं येतं. बदल्यात शिक्षणानंतर दोन वर्षं मायदेशी परतावं लागतं. मला ही अट जाचक वाटत नाही. गंमत म्हणजे हा पैसा ब्रिटिश सरकारच्या विकास-मदतीतूनच मोजला जातो. ज्या मदतीबद्दल ती लोकांना विचारणार, तिच्यावरच ती शिकेल. प्रबंधाच्या पहिल्या पानावर तिने तेही लिहावं.

राहिली तुमची मिलोची ओळ. मदतीबद्दलच्या बहुतेक मोठ्या पाहण्या देणाऱ्या देशांत होतात, कारण मदत ठरवणारे मतदार तिथे असतात. घेणाऱ्याला फार कमी वेळा विचारलं जातं, आणि विचारलं तर माझ्या त्या फॉर्मसारखं. म्हणून गोलाईत जाण्याआधी पहिली मुलाखत तिने तुमची घ्यावी. 'तुम्हाला वाईट वाटलं का?' असं विचारू नये. मिलो रेशनवर कुणी आणायचं, भाकरी कशी व्हायची, शाळेत सुकडी मिळाली तेव्हा कोण घ्यायचं आणि कोण मागे उभं राहायचं, मिलो अमेरिकेची आहे हे तुम्हा पोरांना कसं कळलं, एवढंच विचारावं आणि गप्प बसावं. तुम्ही मात्र शिक्षक म्हणून मध्येच तिची चूक सुधारायला जाऊ नका!

दोनशे फॉर्म छापायला देण्याआधी प्रश्नावली मला पाठवा. तपासून आठवड्याच्या आत परत करतो.

तुमचा,
करिअर मार्गदर्शक