लेथ घ्या, पण आधी पॉलिसी परत करा

बडोद्याच्या दांडिया बाजारातून एका वाचकाचं पत्र आहे: "वय 58. मकरपुऱ्याच्या कारखान्यात टूलरूममध्ये होतो, दोन महिन्यांपूर्वी निवृत्त झालो. 40 लाख एफडीत, पेन्शन महिना 4 हजार, घरखर्च 35 हजार. लाकडी पेनं करायला 60 हजारांचा छोटा लेथ, म्हणजे लाकूड फिरवून कातायचं यंत्र, घ्यायचाय. एफडी मोडू की हप्त्यानं घेऊ? पेनांतून महिना 15 हजार सुटतील. बाकी चिंता नाही. बँकेतल्या मॅडमनी वर्षाला 3 लाखांची गॅरंटीवाली योजना करून दिलीय; 10 वर्षं भरायचे, 20 वर्षांनी दुप्पट. कागद मागच्या आठवड्यात आले."

लेथ एफडीतूनच घ्या. वर्षाला 4 हजारांचं व्याज बुडेल. हप्त्यांवर त्याहून जास्त जाईल.

आता जे विचारलंच नाहीत ते. ती 'योजना' म्हणजे आयुर्विम्याची पॉलिसी आहे. तुमचा एकेक हप्ता सरासरी साडेपंधरा वर्षं अडकून दुप्पट होणार, म्हणजे परतावा पावणेपाच टक्क्यांच्या आत. तुमची एफडी याहून जास्त देते! आणि भरलेल्या 30 लाखांचे ते 60 लाख हाती येतील तेव्हा तुम्ही 78 वर्षांचे असाल.

मुळात हप्ता भरणार कुठून? एफडीचं व्याज 7 टक्क्यांनी 2 लाख 80 हजार, पेन्शन वर्षाला 48 हजार. घरखर्च 4 लाख 20 हजार, त्यावर हे 3 लाख. दरवर्षी मुद्दल खात गेलात तर आठव्या वर्षी एफडी संपते. हप्ते दहा आहेत. महागाई मी धरलेलीच नाही.

पॉलिसी हातात पडल्यापासून 30 दिवसांत ती परत करता येते. किरकोळ कपात होऊन पैसे मिळतात. अर्ज विमा कंपनीला लेखी द्या, पोच घ्या. मॅडम "थांबा काका, वरच्यांशी बोलते" म्हणतील, थांबू नका. तुमचे ते 30 दिवस सरत चाललेत म्हणून हे उत्तर आधी ईमेलनं पाठवलंय.

दुसरी मुदतही पळतेय. निवृत्तीचे पैसे मिळाल्यापासून तीन महिन्यांत, साठीच्या आतही, ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत पैसे ठेवता येतात. कमाल 30 लाख. 8.2 टक्क्यांनी दर तिमाहीला साडेएकसष्ट हजार खात्यात. उरलेले 10 लाख एफडीत राहू द्या. वर्षाला 55-60 हजार कमी पडतील ते त्यातून काढा.

राहिली पेनं. लाकडाला भोक पाडा, पितळी नळी चिकटवा, काता, पॉलिश पेपरनं घासा, चकाकी चढवा. टूलरूमचा, म्हणजे यंत्रांची अवजारं घडवण्याचा, हात असला तरी इथे पटाशी आपल्याच हातात धरायची असते, सुरुवातीला बरंच लाकूड फुकट जाईल. संखेडा जवळच आहे, तिथल्या खराद्यांचं, म्हणजे लाकूड कातणाऱ्या कारागिरांचं, सागवानावरचं काम आधी बघून या. पेन 600 ला विकलंत आणि किट (पेनाचे तयार सुटे भाग), लाकूड, गोंद, कुरियर वजा केलं, तर अडीचशे उरले तरी खूप. 15 हजारांसाठी महिना 60 पेनं. रोज दोन करालही, पण रोज दोन गिऱ्हाइकं कुठून आणाल?

खुशाल करा. मी वरच्या हिशोबात पेनांचं उत्पन्न शून्य धरलंय. धुळीसाठी चांगला मास्क मात्र लेथबरोबरच घ्या.