आधी गोठ्यात ये

पोरी,

तुझं पत्र दोनदा वाचलं. कोल्हापूरजवळच्या शिरोलीच्या फाउंड्रीत ड्रॉइंग करता करता जनावरांचा डॉक्टर व्हायचं मनात आलंय, आणि इंजिनिअरिंगची डिग्री त्याला उपयोगी पडेल का, असं विचारतेस.

प्रवेशाला अजिबात नाही. तिथं नीट या प्रवेश परीक्षेचे गुण बघतात. ७२० पैकी ३६० एकट्या जीवशास्त्राचे, आणि ते पुस्तक तू बारावीनंतर उघडलेलं नाहीस. गणिताबरोबर जीवशास्त्र ठेवलं होतंस हे नशीब, नाहीतर गाडी इथंच अडली असती. आपल्याला जवळचं कॉलेज शिरवळचं. शिक्षण साडेपाच वर्षांचं, त्यात शेवटचं वर्ष इंटर्नशिपचं. म्हणजे बाहेर पडशील तेव्हा तिशी आलेली असेल. घरी हा हिशेब आधी सांग. नुसत्या आवडीवर आई गप्प बसणार नाही, आणि तिचं चुकतही नाही.

डिग्री कामाला येईल ती पुढं. मला नोकरी लागून वर्षही झालं नव्हतं. एका गोठ्यात म्हैस वैरण सोडून उभी. मी अपचन समजून पाचक पावडर दिली, तीही दोनदा. ती उतारावरून खाली यायला तयार नव्हती, पुढचे कोपर बाहेर काढून उभी राहायची, उठता-बसता कण्हायची. सगळं डोळ्यांसमोर होतं, मला जोडता आलं नाही. गळ्याखालची पोळी सुजली तेव्हा डोक्यात उजेड पडला. तार! कडबाकुट्टीत तुकडा झालेली, चाऱ्याबरोबर पोटात गेलेली, जाळीपोट, म्हणजे पोटाचा जाळीसारखा कप्पा, भोसकून थेट हृदयाभोवतीच्या पिशवीत घुसलेली. म्हैस गेली. मालक काही बोलला नाही, चहा पाजला. दोन शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

मशीन बंद पडलं की तू कुठला भाग, कशामुळं, असं मागं मागं जातेस ना? तेच इथं लागतं. फक्त मशीन लाथ घालत नाही. (जनावराच्या जाळीपोटात लोहचुंबक सोडून ठेवतात हे ऐकून तुला गंमत वाटेल. तारा-खिळे त्यालाच चिकटून राहतात.)

तेव्हा क्लास लावायची घाई करू नकोस. कोल्हापुरात गंगावेशीत उभं राहून धारोष्ण दूध सगळेच पितात. व्यायल्यावर जार (वार) पोटात अडकलेली म्हैस बघ, तो वास घे. खांद्यापर्यंत हातमोजा चढवून गाभण तपासताना जनावर मधेच शेपटी फिरवतं, तोंड शेणानं माखतं. हे बघून आठ दिवसांनी परत यावंसं वाटलं तर नीटचं बोलू.

रिटायर झालो तरी माझी फेरी चालू आहे. रविवारी पहाटे साडेपाचला बालिंग्याच्या फाट्यावर थांब. जुने कपडे घाल, गमबूट मी आणतो. नाष्टा मात्र करून येऊ नकोस.

तुझा,
डॉक्टरकाका