कमी बजेटमध्ये सेमी-हॉलो इलेक्ट्रिक गिटार कोणती घ्यावी? (ब्लूज, थोडं जॅझ; राहायला डोंबिवली)

सेमी-हॉलो म्हणजे अर्धी पोकळ गिटार. आधी एकच बघा: बॉडीच्या मधोमध लाकडाचा सलग ठोकळा, म्हणजे सेंटर ब्लॉक, आहे का. १९५८ साली गिब्सनची ईएस-३३५ आली ती याच ठोकळ्याच्या जोरावर. अँपचा आवाज वाढवला तरी ती चटकन शिट्टी मारत नाही. दुकानात एफ-होल (बॉडीवरचं f आकाराचं भोक) दिसलं की सगळ्यालाच ‘सेमी-हॉलो’ म्हणून मोकळे होतात. आयबानेझ कंपनीच्या आर्टकोअर मालिकेतली एएस सेमी, एएफ मात्र पूर्ण पोकळ. घरी एएफ गोड वाजते, पण बँडमध्ये ड्रमरशेजारी शिट्टी मारून डोकं उठवते.

मला विचाराल तर एएस७३, नाहीतर सेकंडहँड एपिफोन डॉट. सेकंडहँड असेल तर नटच्या (मानेच्या टोकाला तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी) मागे, हेडस्टॉकच्या (तारा पिळायच्या खुंट्यांचा भाग) वाकणात बारीक चीर आहे का ते मोबाईलचा टॉर्च मारून बघा.

धोबीतलाव किंवा खारला जाऊन वाजवूनच घ्या. जॅकमध्ये केबल घालून हलवा, व्हॉल्यूम-टोनचे नॉब सावकाश फिरवा. खरखर आली तर भाव पाडा. या गिटारींना बहुतेक वेळा मागे झाकणच नसतं. पॉट (नॉबखालचा भाग) बदलायचा तर सगळी वायरिंग दोरा बांधून एफ-होलमधून बाहेर काढायची आणि तशीच परत आत ओढायची. मजुरी साध्या गिटारपेक्षा जास्तच लागते.

हार्ड केसचे पैसे आधीच बाजूला काढा. बॉडी जवळजवळ १६ इंच रुंद, संध्याकाळच्या लोकलमध्ये गिगबॅगचा (कापडी पिशवीचा) निभाव लागणार नाही. पावसाळ्यात केसमध्ये सिलिका जेल टाका.