मी का हसले, रेवू

प्रिय रेवू,

काल रात्री तू खोलीचं दार लोटून घेतलंस आणि तुझा प्रश्न माझ्याजवळच राहिला, म्हणून लिहितेय.

ओंकारदादाच्या लेकीसाठी ग्रुपवर नावं सुचवणं चाललं होतं. सान्वी, अन्वी, इरा, कियारा, मायरा. तू लिहिलंस, "द्वारका ठेवा ना, पणजीचं." सगळ्यांनी हसणारे चेहरे टाकले. मीही टाकला. मग तू स्वयंपाकघरात येऊन विचारलंस, "आई, तुला तुझ्या आजीच्या नावाची लाज वाटते का?"

मी "नाही" म्हटलं. पण हसले होते, हे तू पाहिलंच होतंस.

तुझ्या वर्गात फ्रीडा आहे, इडा आहे, माटिल्डा आहे. जर्मनीत ही पणज्यांची नावं. मधे कितीतरी वर्षं ती कुणी ठेवत नव्हतं, आणि आता एमा, एमिल, आंटोन सगळे परत आलेत. पणजीचं नाव बाळाला देण्यात हसण्यासारखं काय, असं तुला वाटलं ते अगदी बरोबर. एवढं माझ्या ध्यानात यायला मात्र रात्र गेली.

जुनी नावं आपल्याकडेही परत येतात, पण निवडून. सई आली, जिजा आली, रमा आली, मुक्ता आली. गोदावरी, भागीरथी, द्वारका मागेच राहिल्या. नाव दोन-तीन अक्षरांचं हवं, इंग्रजीत लिहायला सोपं हवं, शाळेत कुणी चिडवू नये. मुलगा असेल तर शिवांश, रुद्रांश, रेयांश. ओंकारच्या सासऱ्यांनी पत्रिका केली, मघा नक्षत्राचं पहिलं चरण निघालं, म्हणजे 'मा'. तेव्हापासून मायरा पुढे आहे. त्याचा अर्थ शोधायला गेले तर जिथे बघावं तिथे निराळा. आईलाच ज्याचा अर्थ शोधावा लागतो असं नाव कशाला ठेवायचं, हे माझ्या मनात येतं. अजूनही येतं. पण माझ्या वर्गात आम्ही तिघी मनीषा होतो, दोन सुनीता होत्या, चार संजय होते. आमच्या आयांनी कुठे कोश उघडला होता? आळीत दोन मनीषा खेळत होत्या, नाव कानाला गोड लागलं, ठेवलं.

आता आजीचं ऐक.

मे महिन्यात मी वाईला आजीकडे असायचे. घाटावरून कृष्णेचं पाणी आणायचे दिवस संपले होते, तरी आजी पहाटे एक तांब्या तिथूनच भरून आणायची. तिचा थोरला भाऊ बावधनला राहायचा. महिन्या-दोन महिन्यांनी तो एसटीनं यायचा, पिशवीत घरच्या हळदीची पुडी घेऊन. आत यायच्या आधी ओट्याखालूनच हाक मारायचा, "धोंडे, आहेस का?" मी आठ-नऊ वर्षांची असेन. आमची आजी, जिच्यापुढे आजोबासुद्धा आवाज चढवत नसत, ती हातातलं पीठ तसंच ठेवून, पदर सावरायचं विसरून ओट्यावर धावत यायची. तिचा चेहरा एकदम लहान मुलीसारखा व्हायचा. मी ते कितीदा तरी पाहिलंय.

धोंडी हे तिचं माहेरचं नाव. तिच्या आधीची तीन भावंडं गेली होती. चौथी जगावी म्हणून दगडाचं नाव. धोंडू, दगडू ही नावं अशीच यायची. मृत्यूची नजर पडली तरी त्याला वाटावं, इथे नेण्यासारखं काही नाही. आणि द्वारका? ते लग्नात मिळालं. ताटात तांदूळ पसरून त्यात अंगठीनं नवीन नाव लिहायचं, की माहेरचं संपलं. ती तेव्हा तेरा वर्षांची होती. तुझ्यापेक्षा एका वर्षानं लहान. तिला कुणी विचारलं नाही.

म्हणजे तू पणजीचं म्हणून जे नाव सुचवलंस, तेही तिचं तिनं घेतलेलं नव्हतं. माझ्या हसण्याची ही सबब नाही. मला तेव्हा यातलं काही आठवलंच नव्हतं. मी सगळे हसले म्हणून हसले.

माझ्या लग्नातही तांदळाचं ताट आलं होतं. तुझ्या बाबांनी अंगठी घेतली आणि त्यात 'मनीषा'च लिहिलं. मावशांना ते फारसं आवडलं नाही. मला बाबा त्या दिवशी फार आवडले.

एक गोष्ट मी तुला कधी सांगितली नाही. चौथीत माझ्या शेजारी एक मुलगी बसायची, तिचं नाव नकुशा. आमच्या सातारा जिल्ह्यात मुलीवर मुली झाल्या की शेवटचीला हे नाव द्यायचे. नकोशी, ती नकुशा. पुढचा तरी मुलगा होऊ दे म्हणून. गुरुजी हजेरी घ्यायचे, ती "हजर" म्हणायची, आणि आम्हाला त्यात काहीच वाटायचं नाही. वहीवर मात्र ती पूर्ण नाव लिहीत नसे. 'कु. न.' एवढंच, आणि पुढे आडनाव. मी तिला एकदाही विचारलं नाही की असं का. इतकी वर्षं झाली, तो 'न' डोळ्यासमोरून जात नाही.

तू 2011 च्या सप्टेंबरात झालीस. तू महिन्याची होतीस, रात्री तुला मांडीवर घेऊन मी फोनवर बातम्या वाचायचे. त्यात सापडलं की साताऱ्यात प्रशासनानं समारंभ करून 250 हून जास्त नकुशांना नवी नावं दिली. मुलींनी स्वतः निवडलेली. कुणी ऐश्वर्या घेतलं, नटीचं. तिला काय वाटलं असेल आरशासमोर उभं राहून ते नाव पहिल्यांदा मोठ्यानं म्हणताना! मी तुला घट्ट धरून रडले होते. म्हणून मायरा-कियाराला नावं ठेवताना माझी जीभ अडखळते. ज्या घरात लेकीसाठी महिनाभर नाव शोधतात, त्या घराला मी कुठल्या तोंडानं बोलू?

आणि ओंकारच्या लेकीच्या दाखल्यावर वहिनीचं नाव येईल. 1 मे 2024 पासून जन्मलेल्या मुलांसाठी महाराष्ट्रात तसा नियमच आहे, आधी बाळाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं, मग आडनाव. माझ्या गुणपत्रिकेवर आईचं नाव मधे नव्हतं. आजीचं तर कुठल्याच कागदावर धड एक नाव नव्हतं.

तुझं नाव कसं ठरलं तेही तू कधीतरी विचारशील. आमच्या यादीत किरण होतं. माझ्या वर्गात एक मुलगा किरण होता आणि एक मुलगी किरण, कुणाचं काही अडलं नव्हतं. मग बाबांनी वाचलं की इथेच जर्मनीत एका जोडप्यानं मुलीचं नाव किरण ठेवलं, तर मुलगा की मुलगी ते कळत नाही म्हणून नोंदणी कचेरीनं नाकारलं. प्रकरण थेट घटना न्यायालयापर्यंत गेलं आणि 2008 च्या डिसेंबरात निकाल आई-बापाच्या बाजूनं लागला. नाव ठेवता आलं असतं. पण आम्ही नवखे होतो, आमची छाती झाली नाही. रेवा म्हणजे नर्मदा. आजीला नद्यांची ओढ होती, हे खरं. पण डब्ल्यू लावून लिहिलं की जर्मन माणूस ते बरोबर म्हणतो, हेही तितकंच खरं. सोपं नाव आम्हीही शोधलंच होतं, रेवू.

काल तू झोपल्यावर मी रव्याचा डबा खाली काढला. पितळी, झाकणाला पोचा आलेला, कडेला ठिपक्याठिपक्यांनी कोरलेलं 'सौ. द्वारका'. तू पाच वर्षांची असताना बाराखडीला कंटाळायचीस, तेव्हा तोच डबा मी तुझ्यापुढे ठेवला होता. त्या अक्षरांवरून बोट फिरवत तू वाचलंस, पहिलं जोडाक्षर, 'द्व'. मग दिवसभर घरात द्वा-द्वा-द्वा चाललं होतं. ते नाव तुझ्या तोंडी तिथून आलं, हे मला काल हसण्याआधी आठवायला हवं होतं.

आज सकाळी ग्रुपवरचा तो चेहरा मी काढून टाकला आणि ओंकारला फोन केला. मायरा पक्कं झालंय. पण बाळाला सख्खी आत्या नाही, तूच आत्या. आत्यानं कानात एकच नाव सांगावं असं आमच्याकडे कधीच नव्हतं. ओंकारच्या कानात मी चार नावं सांगितली होती, त्यातलं एक कुलदैवताचं, एक आजोबांचं, आणि पाठीत धपाटे खाल्ले होते. वहिनी म्हणाली, "कानात काय सांगायचं ते रेवानं ठरवावं, आम्ही विचारणारसुद्धा नाही."

बारसं रविवारी, आपल्या सकाळी साडेसातला. फोन पाळण्यात बाळाच्या कानाशी धरायला सांगितलंय. तुला नको वाटलं तर नको, मी काही म्हणणार नाही, मावशीआजी आहे तिथे. सांगणार असशील तर आधी 'कुर्रर्र' करतात, मग नाव. आणि द्वारका म्हणणार असलीस तर 'द' म्हणताना जीभ दाताला लाव. तिकडे शाळेत बोलून बोलून तुझा हल्ली 'ड' होतो.

तुझी
आई